इंग्रजांच्या किल्ल्यातले कंट्रोलर

काकांना वेळेवर येणाऱ्या माणसाचं अजिबात कौतुक नव्हतं. वेळेवर येणं म्हणजे आंघोळ करण्यासारखं, त्यात काय टाळ्या वाजवायच्या, असं त्यांचं म्हणणं. कौतुक होतं ते पाच मिनिटं आधी येऊन बाकावर गप्प बसणाऱ्याचं. असा माणूस दिसला की ते आपल्या डब्यातला एक शेंगदाण्याचा लाडू त्याच्या हातावर ठेवायचे. तीन वर्षांच्या ओळखीत मला एकही लाडू मिळाला नाही, हे आधीच सांगून टाकते.

शिकागोच्या बाहेर, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून ते मुलीकडे राहायचे. मूळचे साताऱ्याकडचे. आयुष्यभर त्यांनी बस डेपोत कंट्रोलर म्हणून ड्यूट्या लावल्या. कोणता ड्रायव्हर कोणत्या गाडीवर, त्याच्या जोडीला कंडक्टर कोण, मुक्कामाच्या गाडीवर कोण जाणार, खरा आजारी कोण आणि मेहुण्याच्या लग्नासाठी आजारी कोण, हे सगळं त्यांच्या डोक्यात. गंमत म्हणजे त्यांना स्वतःला सायकलसुद्धा धड चालवता येत नव्हती. बायको गेली, मुलीने इकडे आणलं. पहिल्या महिन्यात त्यांनी तिच्या घरात डिशवॉशरचा चार्ट लावला. दुसऱ्या महिन्यात जावयाच्या आंघोळीची वेळ ठरवून दिली. तिसऱ्या महिन्यात मुलगी म्हणाली, "अण्णा, जरा बाहेर पडू या," आणि त्यांना दोन तासांवरचा एक किल्ला बघायला घेऊन गेली. त्या जावयाने त्या किल्ल्याला जन्मभर नमस्कार करायला हवा.

किल्ला म्हणजे आपल्याकडचा किल्ला नव्हे हं. बुरूज नाही, चढून दम लागेल असं काही नाही. नदीकाठी टोकदार ओंडक्यांचं कुंपण आणि आत सात-आठ लाकडी खोपटी. अडीचशे वर्षांपूर्वी तिथे इंग्रजांची एक छोटी पलटण पडून असायची. मूळचा किल्ला केव्हाच कुजून गेला, हा नवा बांधलेला. शनिवार-रविवारी हौशी लोक लाल कोट घालून त्या पलटणीचं सोंग वठवतात, पहारा बदलतात, तोफ उडवतात, आणि बाकीचे लोक आइस्क्रीम खात ते बघतात. किल्लेदार होता डग नावाचा एक डेंटिस्ट. आठवडाभर दाढा उपटायचा आणि शनिवारी कमरेला तलवार लावून इंग्लंडच्या राजाचा कॅप्टन व्हायचा.

त्या दिवशी पाटीवर लिहिलं होतं, पहारा बदल अकरा वाजता. अकरा वाजले, कोणी नाही. मग एक जण लोहाराच्या भट्टीतून पळत आला, त्याने तिथेच कोट चढवला. दुसरा बटणं लावत आला. तिसरा आलाच नाही. बाकीचे लोक हसले आणि पुढे गेले. काका मात्र डगपुढे जाऊन उभे राहिले.

"युअर इलेव्हन ओ'क्लॉक इज डिपार्टिंग इलेव्हन ट्वेंटी-टू," ते म्हणाले. "काइंडली एक्सप्लेन."

डग सॉरी म्हणाला. काकांना सॉरी नको होतं, कारण हवं होतं. मग त्या बिचाऱ्याने कारण सांगितलं. माणसं कमी येतात. जी येतात त्यांना हुकूम सोडणारे चौघे: तो स्वतः, सार्जंट, म्यूझियमची मॅनेजर आणि ढोल-बासरीवाल्यांची बाई. एकाच माणसाला एक जण तोफेवर पाठवतो, दुसरा फाटकावर, तिसरी म्हणते आधी मिरवणुकीत चल. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"वन बस, फोर ड्रायव्हर," ते म्हणाले. "नॅचरली खड्डा."

पुढच्या शनिवारी ते लांबलचक वही, फूटपट्टी आणि दोऱ्याने बांधलेली पेन्सिल घेऊन हजर झाले. महिन्याभरात पलटण त्यांच्या हातात. कोठाराच्या भिंतीत एक छोटी खिडकी होती, तिच्यामागे त्यांनी खुर्ची टाकली. नियम एकच. हुकूम कोणीही द्यावा, पण तो खिडकीतून जाईल. काका तो वहीत चढवणार, चिठ्ठी फाडून देणार, मग माणूस हलणार. एकदा डगने फाटकावरच्या पहारेकऱ्याला तोफेकडे बोलावलं, तर तो जागचा हलेना. "चिठ्ठी?" म्हणाला. आपल्याच किल्ल्यात कॅप्टनला खिडकीपाशी रांगेत उभं राहावं लागलं. त्याच्या पुढे दोन जण होते.

एकदा डग स्वतःच सात मिनिटं उशिरा आला. रस्त्यावर काम चालू होतं म्हणे. काकांनी मान वर न करता सांगितलं, "यू आर स्पेअर." खिडकीसमोरच्या बाकावर दोन माणसं कायम मोकळी बसलेली असायची, त्यांना काका स्पेअर म्हणायचे. कोणी आलं नाही, कोणाचा पाय मुरगळला, की त्यातला एक उठायचा. त्या दिवशी कॅप्टन साहेब अर्धा दिवस तलवारीसकट बाकावर, आणि किल्ल्याची कमान लोहाराकडे. डग मला नंतर म्हणाला की इतका निवांत अर्धा दिवस त्याला कित्येक वर्षांत मिळाला नव्हता.

लाल कोट काकांनी कधी घातला नाही. उन्हाळ्यात हाफ स्वेटर, थंडीत माकडटोपी. फार आग्रह झाला तेव्हा म्हणाले, "कंट्रोलर खिडकीत बसतो. त्याला कोण बघतं?" फाटकाशी एक पाटी आहे, ही जमीन मुळात कोणत्या लोकांची होती ते सांगणारी. येणारे-जाणारे तिच्याशेजारी फोटो काढतात. काका दर शनिवारी ती पूर्ण वाचून मगच आत जायचे. "मालकाचं नाव आधी वाचावं," म्हणायचे. मराठी मंडळातल्या एका ज्येष्ठांना हा सगळाच प्रकार खुपला. दिवाळीच्या फराळाला सगळ्यांसमोर त्यांनी विचारलं की या वयात इंग्रजांची चाकरी करायला लाज वाटत नाही का. काका चकली मोडत म्हणाले, "दीडशे वर्षं त्यांनी आपली हजेरी घेतली. आता त्यांची मी घेतो. चहा घेणार का तुम्ही?"

हे झालं लोकांसमोरचं. आम्ही त्यांना आळीपाळीने किल्ल्यावर सोडायचो; एकदा मी ड्राइव्ह करून नेत होते. मक्याची शेतं मागे पडत होती. ते आपणहून बोलायला लागले. त्यांच्या गावात घरटी एक माणूस फौजेत. वडील होते, दोन्ही चुलते होते, भाऊ होता. काकांना भरतीत दोनदा परत पाठवलं, छाती भरली नाही म्हणून. दुसऱ्या वेळी घरी न जाता ते बस डेपोत जाऊन बसले होते, संध्याकाळपर्यंत. तिथला कंट्रोलर गाड्या कशा सोडतो ते बघत. "आता पलटण मिळाली," ते म्हणाले, "ती पण इंग्रजांची, आणि ती पण खोटी. पण हजेरी खरी घेतो मी." उरलेला दीड तास मी रेडिओ लावला नाही.

आता ते इथे नाहीत. मुलीची नोकरी बदलली, सगळे पार पश्चिमेला बॉथेल गावी गेले. तिथल्या देवळाचं पार्किंग त्यांनी ताब्यात घेतल्याचं ऐकते. देव त्या देवळाचं भलं करो.

किल्ल्यावर सप्टेंबरात एक मोठा दिवस असायचा, कुमक येण्याचा. मूळ गोष्ट अशी की तापाने आणि शिपाई पळून गेल्याने पलटण डझनावर आली होती, आणि ऐन वेळी नदीतून होड्या भरून ताजे शिपाई आले. सोंगाला निदान चोवीस माणसं लागायची. काकांच्या आधी आठच यायची. तीच आठ माणसं उतरून, झाडामागून पळत जाऊन, पुन्हा होडीत बसून यायची. काकांनी ते एकदा पाहिलं आणि म्हणाले, हे पाप आहे. मग त्यांनी मराठी मंडळाची यादी मागवून घेतली.

माणसं जमवण्याचं त्यांचं शास्त्र ऐकण्यासारखं होतं. "येतो" म्हणणारा अर्धा धरायचा. "बघतो" म्हणणारा पाव. "नक्की येतो, काका, काळजीच करू नका" म्हणणारा शून्य. आणि "बायकोला विचारून सांगतो" म्हणणारा पुरा एक, कारण तो घरातून सुटायची वाटच बघत असतो. अमेरिकन माणसांचं कोष्टक वेगळं: "आय विल ट्राय" म्हणजे शून्य, आणि काहीच न बोलता नुसती मान हलवणारा पुरा एक. या शास्त्राने त्यांनी तीस माणसं काढली, चोवीस होड्यांत आणि सहा बाकावर. कोथरूडचे, ठाण्याचे, आमच्या नागपूरच्या धंतोलीचे वीर, एरवी लॅपटॉपपुढे पाठ धरून बसणारे, लाल कोट चढवून इंग्लंडच्या राजासाठी वल्ही मारायला लागले. माझा नवरा निखिल त्यांत पुढे. मी पलटणीची धोबीण. डोक्याला पांढरं टोपडं आणि समोर लाकडी टब. एमटेक केलं त्याचं चीज झालं.

आता बाबांचं सांगते.

माझे बाबा पाटबंधारे खात्यातून इंजिनिअर म्हणून रिटायर झाले. आई गेली आणि ते विसरायला लागले. आधी चष्मा, मग नावं, मग जेवलो की नाही. त्यांचं ग्रीन कार्ड झालं होतं, ते आमच्याकडे होते. त्या उन्हाळ्यात दोनदा घरातून निघून गेले. दुसऱ्यांदा पोलिसांना सापडले, तीन गल्ल्या पलीकडे, कोणाच्या तरी ओट्यावर बसलेले. ते आपलंच घर समजून आई दार उघडेल म्हणून वाट बघत होते. दोन तास. मला त्या दिवसापासून काही सुचेना. मीटिंगमध्ये बसले तरी कान दाराकडे. नागपूरला दादाने एक जागा बघितली होती, अशा विसरणाऱ्या माणसांचीच, चांगली, स्वच्छ. त्यांनी खोली सोमवारपर्यंत धरून ठेवली होती. मला हो किंवा नाही सांगायचं होतं, आणि मी हो सांगणार होते. वाईट मुलगी म्हणा हवं तर. मी थकले होते.

कुमकेचा दिवस म्हणजे त्या सोमवारच्या आधीचा शनिवार. बाबांना घरी एकटं ठेवणं शक्य नव्हतं, म्हणून ते असेही आमच्याबरोबर किल्ल्यावर यायचे. काकांना मी पहिल्या दिवसापासून बजावलं होतं, "बाबांना ड्यूटी लावायची नाही. ते विसरतात. ते माझ्याजवळ बसतील." काका म्हणाले होते, "बरं." काकांचं बरं म्हणजे मान्य असं नसायचं. म्हणजे फक्त ऐकू आलं.

त्या दिवशी गर्दी फार. माझ्या टबाभोवती शंभर लोक, साबण कशाचा बनवता म्हणून विचारताहेत. मी निखिलला सांगितलं, बाबांकडे लक्ष ठेव. मैत्रीण सोनाली होती, तिला सांगितलं. जेवणाचं बघणाऱ्या दोन्ही काकूंना सांगितलं. सगळ्यांचं उत्तर एकच: "अगं, मी आहे ना." आपल्या माणसांचं हे वाक्य ऐकलं की किती हलकं वाटतं. मी निर्धास्तपणे कपडे धूत बसले.

अडीचच्या सुमाराला आभाळ हिरवट काळं झालं. सगळ्यांचे फोन एकदम किंचाळले आणि गावाकडून भोंगा ऐकू यायला लागला. वादळ. डगने तोफवाल्यांना थांबवलं आणि सगळ्यांना म्यूझियमच्या तळघरात पिटाळलं. अमेरिकन लोक सरळ तळघराकडे धावले. आमच्या काकू आधी खिचडीचे डबे उचलायला धावल्या, मग तळघराकडे. पायऱ्यांवर काका वही घेऊन उभे. एकेकाचं नाव विचारून खूण करत होते. लोक वैतागले होते, पावसाने भिजत होते, तरी ते कोणाला सोडेनात.

खाली गेले तर बाबा नाहीत.

"अरे, बाबा कुठेत?" मी निखिलला विचारलं.

"सोनालीबरोबर होते ना?"

"नाही रे," सोनाली म्हणाली, "मला वाटलं काकूंच्या इथे जेवतायत."

"जेवले ना ते बाराला," थोरल्या काकू म्हणाल्या, "मग होड्या बघायला निखिलबरोबर गेले की."

निखिल तर बारापासून होडीत होता, आणि कुमक दीडलाच उतरून वर आली होती. चार माणसं लक्ष ठेवून होती आणि माझा बाप कुठे आहे ते एकालाही माहीत नव्हतं. मी पायऱ्या चढून वर धावले. काका वहीवर बोट ठेवून उभे होते.

"खालचा धक्का," ते म्हणाले. "दोन ते चार. जोडीला वॉल्टर."

"कोण धक्क्यावर?"

"तुमचे बाबा. पाण्याची उंची मोजायच्या ड्यूटीवर आहेत. आजचा सहावा शनिवार."

मी काय काय बोलले ते सगळं इथे लिहिता येणार नाही. मी सांगितलं होतं तुम्हाला. नदीवर? विसरणाऱ्या माणसाला नदीवर? तुम्हाला खेळायला पलटण हवी म्हणून माझे बाबा? सत्तरीच्या माणसाला मी अरे-तुरेसुद्धा केलं असेल, आठवत नाही. सहा शनिवार ते मला खिडकीमागून फसवत होते. मी समजत होते बाबा झाडाखाली पेपर वाचताहेत. माझं संपल्यावर काकांनी वही स्वेटरच्या आत खोचली.

"वॉल्टरची पण खूण नाही," ते म्हणाले. "म्हणजे दोघं एकत्र आहेत. चला."

डग आडवा आला. भोंगा थांबेपर्यंत कोणालाही बाहेर जाऊ देणार नाही म्हणाला. सहाही स्पेअर उठून उभे राहिले होते. काकांनी त्यांना हाताने बसवलं. "ड्यूटी मी लावली," ते डगला म्हणाले, मराठीतच, आणि डगला काय समजलं कोण जाणे, तो बाजूला झाला.

छत्री पहिल्या मिनिटाला उलटी झाली. काका ती तशीच हातात धरून चालत होते, टाकून देईनात. धक्क्याकडे उतरणारी वाट म्हणजे नुसता चिखल. मी रागाने त्यांच्या पुढे जायला बघत होते आणि घसरत होते, आणि दर वेळी ते माझा दंड धरत होते. झाडाची एक फांदी आमच्यापुढे दहा हातांवर पडली. मी देवाचं नाव घेत होते, आणि आईचंही. आईला म्हणत होते की मी सोमवारी हो म्हणणार होते, त्याची ही शिक्षा देऊ नकोस.

धक्का दिसला. म्हणजे दिसला नाही, कारण तो पाण्याखाली होता. गढूळ पाणी फळ्यांवरून वाहत होतं आणि तिथे कोणी नव्हतं. मी बाबांना हाका मारायला लागले.

"होड्या बघा," काका म्हणाले.

मला होड्यांचं काय पडलं होतं? तरी बघितलं. चारही होड्या धक्क्याला नव्हत्या. वर काठावर, ओकच्या झाडाला एका ओळीत बांधलेल्या होत्या. आणि त्यांच्यामागे दगडी जोत्यावर पहाऱ्याची लाकडी कोठडी होती. तिचं दार आतून लावलेलं होतं.

काकांनी दार वाजवलं. "बदली आली," ते मोठ्याने म्हणाले.

दार बाबांनी उघडलं. मागे वॉल्टर बाकावर बसून सफरचंद खात होता. वॉल्टर हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचा रिटायर्ड पोस्टमन, त्याला भोंगा काय, तोफही नीट ऐकू यायची नाही. बाबांना मात्र भोंगा ऐकू आला होता. पण बदली आली नव्हती. बाबा ताठ उभे होते, असे मी त्यांना आई गेल्यापासून पाहिले नव्हते. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही.

"सव्वाचार फूट," ते काकांना म्हणाले. "अडीचपासून हातभर चढलंय. वरच्या अंगाला जास्त पाऊस असणार. होड्या मी वर घ्यायला लावल्या, या गृहस्थांनी दोर ओढायचा रहाट फिरवला. चांगला माणूस आहे. दोरखंड तेवढे तपासून घ्या."

भिंतीला एक पाटी टांगलेली होती. तिच्यावर खडूने दर दहा मिनिटांची वेळ आणि पुढे पाण्याची उंची. आकडे बाबांचे, सरळ, एकाखाली एक. मधली एकही ओळ चुकलेली नव्हती.

काकांनी वही उघडली, खिशातून पेन्सिल काढून दिली. "सही करा. सुटलात." बाबांनी ओल्या पानावर सही केली. मग त्यांना मी दिसले. "तू कशाला भिजलीस?" म्हणाले. मी भोकाड पसरलं. चाळिशीची बाई, डोक्याला टोपडं, लहान मुलासारखी रडत होते आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं. वॉल्टरने मला अर्धं सफरचंद दिलं.

भोंगा थांबेपर्यंत आम्ही चौघं तिथेच बसलो. वादळ उत्तरेकडून निघून गेलं. चमत्कार वगैरे काही झाला नव्हता. त्या पाऊण तासात बाबांनी मला चारदा विचारलं की आईला उशीर होणार असं कळवलंस का. आणि तेवढ्यात दोनदा उठून, दार किलकिलं करून, पाणी बघून पाटीवर आकडा लिहिला. त्यांची ड्यूटी संपली होती तरी.

दुसऱ्या दिवशी, रविवारी संध्याकाळी, बेल वाजली. दारात काका, इस्त्रीचा शर्ट, हातात कागद. बसा म्हटलं तर बसेनात. कागद माझ्यापुढे धरला. मेमो होता. डेपोत चूक करणाऱ्याला देतात तसा, आणि त्यांनी तो स्वतःलाच दिला होता. ड्यूटी लावताना आणीबाणीत बदली कोण नेणार त्याचं नाव लिहिलं नाही. नातेवाइकांनी मनाई केली असता त्यांना न सांगता ड्यूटी लावली. सबब एक महिना किल्ल्यावर येण्यास मनाई. खाली जागा सोडली होती.

"तक्रार तुमची आहे," ते म्हणाले. "शेरा तुम्ही लिहा."

"का केलंत पण, काका?"

"तुम्ही म्हणालात, विसरतात. डेपोत विसरणारे पुष्कळ बघितले मी. विसरणाऱ्याला एकटं पाठवायचं नाही, एवढंच. घरी बसवायचं असं कुठे लिहिलंय?" मग म्हणाले, "आणि राग मानू नका. तुम्ही चौघांना सांगितलंत. मी एकाला सांगितलं. वॉल्टरला म्हटलं, हा माणूस तुझा कंडक्टर, याच्याशिवाय गाडी हलवायची नाही. सगळ्यांवर टाकलेलं काम कोणावरच नसतं. एक नाव लिहावं लागतं."

"मला विचारलं असतंत तर?"

"तुम्ही नाही म्हणाला असतात. ती माझी चूक नंबर दोन. लिहिलीय."

मी कागद घेऊन आत गेले. दादाला फोन लावला. तिकडे सोमवार उजाडला होता. म्हटलं, खोली सोडून दे. तो म्हणाला, "तुला झेपेल?" म्हटलं, एकटीला नाही झेपणार, पण मी एकटी नाहीये. दादाने मोठा श्वास सोडला. म्हणाला, "बरं झालं गं. मला रात्रंदिवस तेच दिसत होतं, त्यांना तिथे सोडून मी जिना उतरतोय." मग आम्ही दोघंही उगाच हसलो. कित्येक महिन्यांत इतकं मोकळं वाटलं नव्हतं.

बाहेर येऊन मी शेरा लिहिला: खुलासा मान्य. शिक्षा नामंजूर. शनिवारी बाबा सात वाजता तयार असतील, सोबत कोण ते आधी कळवावं. काकांनी तो दोनदा वाचला, सही कुठे राहिली ते दाखवलं, सही घेतली, आणि कागदाची घडी खिशात घातली. चहा घेतला नाही.

ते पायऱ्या उतरत होते तेवढ्यात बाबा बाहेर आले. "कोण होतं?" म्हणाले. कालचा दिवस त्यांच्या डोक्यातून पुसून गेला होता, नदी, पाटी, वॉल्टर, सगळं.

"काका होते," मी म्हटलं. "शनिवारी तुम्हाला ड्यूटीवर बोलावलंय."

"मग आधी सांगायचं नाही का? माझे बूट कुठायत?"

बूट मी लपवून ठेवले होते. उन्हाळ्यापासून, वरच्या कपाटात, रजयांच्या मागे. बाबांना ते रोज सकाळी सापडायचे नाहीत. ते घरभर शोधायचे, मला विचारायचे, आणि मी म्हणायचे, माहीत नाही हो बाबा, बघू या नंतर. बाहेर जायचं असलं की मीच काढून द्यायचे आणि आलं की पुन्हा वर. मी खुर्ची ओढली, वर चढले, बूट काढले, पुसले आणि दाराशी ठेवले.